पार्कची रया गेली, तर आपल्या पॉइंटांचं काय?

कृष्णाकाठ
४ डिसेंबर २०२५, रात्री १०:१२

हा धागा काढू की नको, यात दोन आठवडे गेले. आता काढतेच, कारण ३१ जानेवारीच्या आत मला काहीतरी ठरवायचं आहे आणि घरात एकमत होत नाहीये.

आम्ही २०१४ मध्ये डिस्ने व्हेकेशन क्लबचे १५० पॉइंट घेतले. ऑरलँडोचं साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्ट, रीसेलमध्ये म्हणजे आधीच्या मालकाकडून, पॉइंटमागे ६८ डॉलर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खोली आपल्या नावावर होत नाही आणि वर्षातला एखादा आठवडाही बांधून दिलेला नसतो. इमारतीतला बारीकसा हिस्सा ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावे रीतसर नोंदवतात आणि त्यापोटी दर वर्षी पॉइंट मिळतात. ते खर्चून खोली घ्यायची. आपल्या होम रिसॉर्टची, म्हणजे जिथले पॉइंट घेतले तिथली, खोली ११ महिने आधी घेता येते, बाकी रिसॉर्टची ७ महिने आधी. साराटोगाचा करार ३१ जानेवारी २०५४ ला संपतो, मग सगळं परत कंपनीचं. तोवर आपण जाऊ किंवा न जाऊ, वार्षिक ड्यूज, म्हणजे देखभालीचे पैसे, भरायचेच. पार्कची तिकिटं यात कुठेच येत नाहीत, ती वेगळी.

घेतलं तेव्हा लेक सहा वर्षांची होती. तेव्हा विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत फुकट बस असायची, बॅगा परस्पर खोलीत पोचायच्या. राइडची लांब रांग टाळायचा फास्टपास फुकट होता. खोलीची किल्ली आणि पार्कचं तिकीट म्हणून मनगटावर बांधायचे मॅजिकबँड टपालाने घरी यायचे आणि ते पाकीट उघडायला लेक शाळेतून पळत यायची. मॅजिक किंगडम या तिथल्या पार्कचं एका दिवसाचं तिकीट ९९ डॉलर होतं.

२०२१ संपलं तशी ती बस बंद झाली. मॅजिकबँड आता विकत घ्यायचे. फास्टपास ऑगस्ट २०२१ मध्ये कायमचा गेला आणि ऑक्टोबरात तशीच सोय जिनी प्लस या नावाने माणशी रोजच्या १५ डॉलरना सुरू झाली. २०२४ पासून तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडमचं तिकीट यंदा १९९ डॉलरला गेलं. आणि या जुलैत तिथली रिव्हर्स ऑफ अमेरिका बंद झाली. १९७१ पासूनची ती नदी, तिच्यातलं टॉम सॉयरचं बेट, ती बोट, सगळं संपलं. तिथे आता कार्स या सिनेमाच्या गोष्टीवरचा नवा भाग होणार आहे. त्याच बोटीच्या कठड्याला धरून लेकीने मला विचारलं होतं, "आई, ही आजीच्या कृष्णेएवढी आहे का गं?" शेवटची फेरी ६ जुलैला होती. त्या रात्री मी घरी बसून लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघितले आणि चांगलीच रडले.

तर प्रश्न असा. आपण इमारतीतला हिस्सा विकत घेतला खरा, पण घेतला तो पार्कसाठी. पार्क आता पहिल्यासारखं राहिलं नसेल, तर आपल्या पॉइंटांची किंमत उतरत चालली आहे का? नवरा म्हणतो, भाव चांगला आहे तोवर विकून मोकळे होऊ. माझं यूज इयर, म्हणजे पॉइंटांचं वर्ष, जूनपासूनचं आहे. चालू वर्षाचे पॉइंट ३१ जानेवारीपर्यंत पुढच्या वर्षात टाकले नाहीत, तर मेअखेर वाया जातील. विकायचं असेल तर त्या आधीच हालचाल केलेली बरी. ज्यांच्याकडे आहे, ज्यांनी विकलं, ज्यांनी घ्यायचं टाळलं, सगळ्यांनी लिहा.

रानमोगरा
४ डिसेंबर, रात्री ११:४०

कृष्णाकाठ, नदीचं वाचून गलबलून आलं. पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे.

आम्ही अटलांटाहून गाडीने जातो, लेक आठ वर्षांचा आहे. त्याचं डिस्ने म्हणजे अवतार सिनेमावरचं पँडोरा, म्हणजे २०१७ नंतरचं. स्टार वॉर्सचं गॅलक्सीज एज २०१९ चं, गार्डियन्सची कॉस्मिक रिवाइंड २०२२ ची, ट्रॉन २०२३ ची. यातलं काहीही तुमची लेक सहा वर्षांची असताना नव्हतं. कॉस्मिक रिवाइंडमधून उतरला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते आणि तो "पुन्हा, पुन्हा" म्हणत होता. त्याच्या दृष्टीने पार्कची रया गेलेली नाही, आता कुठे आली आहे.

महाग झालं, हे शंभर टक्के मान्य. पण महाग होणं आणि वाईट होणं या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत भरतो आहोत असं वाटतं. ॲनिमल किंगडममधल्या एव्हरेस्टच्या राइडमध्ये तो प्रचंड यती आहे ना? राइड २००६ ची. यती काही काळच हलला, मग थांबला, आणि त्याच्यावर झगमगता दिवा सोडून वेळ मारून न्यायला सुरुवात झाली. म्हणजे २०१४ मध्ये, तुम्ही पॉइंट घेतलेत त्या वर्षी, यती थांबलेलाच होता. तेव्हा तो तुम्हाला खुपला का?

हिशेबनीस
५ डिसेंबर, सकाळी ६:५५

चांगला धागा. मी नऊ वर्षं मालक आहे, बे लेक टॉवर, आणि हा हिशेब दर डिसेंबरला नव्याने मांडतो, कारण याच सुमारास पुढच्या वर्षाचे ड्यूज कळतात.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन किमती एकमेकींत अडकल्या आहेत, आधी त्या सोडवू. एक, उद्या विकलं तर बाजारात काय येईल. दुसरी, तिथे घालवलेली एक रात्र तुम्हाला किती मोलाची वाटते.

पहिलीचं बघा. ६८ गुणिले १५०, म्हणजे १०,२०० डॉलर. तेव्हा ४० वर्षं शिल्लक होती, म्हणजे वर्षाला २५५. साराटोगाचे ड्यूज आता पॉइंटमागे आठ डॉलरच्या वर आहेत, म्हणजे बाराशेच्या पुढे. वर्षाला दीड हजार धरा. त्यात मोसम बघून स्टुडिओच्या, म्हणजे सगळ्यात लहान एका खोलीच्या, दहाएक रात्री होतात. रात्रीला दीडशे डॉलर, कर वगैरे सगळं त्यात आलं. हीच खोली रोख पैसे देऊन घ्यायला गेलात तर चारशेच्या खाली क्वचितच मिळेल. म्हणून रीसेलचे भाव टिकून आहेत. ब्रोकरच्या याद्या उघडून बघा, ११ वर्षं वापरूनही तुमच्या खरेदीच्या खाली भाव दिसणार नाही.

पण यात एक मेख आहे. तो चारशेचा आकडा कोण ठरवतं? कंपनीच. ती खोलीचे रोख दर वाढवत जाते तसतशी आपली "बचत" कागदावर फुगते. पार्कमध्ये एक नवा दिवा लागला नाही तरी फुगते. म्हणून मी रोख दराशी तुलना करणं सोडून दिलं. मी विचारतो की क्लब नसताना मी खरंच कुठे उतरलो असतो? पार्कबाहेर, नाश्ता मिळणाऱ्या साध्या हॉटेलात, तेवढ्याच दीडशेत. मग माझी खरी बचत जवळपास शून्य, आणि मिळतं काय, तर जागा, पाणी, झाडं, मोनोरेल. ते मला हवं आहे का, हा प्रश्न मी दर वर्षी स्वतःला विचारतो.

आता पार्कचा दर्जा बाजारभावात दिसतो का? मला सापडलेली सगळ्यात स्वच्छ तुलना सांगतो. बीच क्लब व्हिलाज आणि व्हेरो बीच. दोन्ही याच क्लबची, दोन्हींचा करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतो. बीच क्लबहून एपकॉट या पार्कला पायी जाता येतं. व्हेरो बीच अटलांटिकच्या काठावर आहे, सुंदर आहे, पण जवळ पार्क नाही आणि किनाऱ्यावर असल्याने ड्यूज क्लबमध्ये सगळ्यात जास्त. रीसेलमध्ये व्हेरोचा भाव मी बीच क्लबच्या निम्म्याच्याही खाली गेलेला पाहिला आहे. थोडा फरक ड्यूजचा, पण बराचसा पार्कच्या शेजाराचा. म्हणजे पार्क जवळ असण्याला मोठी किंमत आहे. पार्क चांगलं की बरं, याला मात्र बाजारात अजून तरी वेगळी किंमत पडलेली मला दिसली नाही.

ज्याने पडली ते सांगतो. १९ जानेवारी २०१९. त्या दिवसानंतर जो रीसेलमध्ये घेईल त्याला रिव्हिएरा आणि पुढे येणाऱ्या नव्या रिसॉर्टांत ते पॉइंट वापरता येत नाहीत. आणि रिव्हिएराचे पॉइंट रीसेलमध्ये घेतले तर ते फक्त रिव्हिएरातच चालतात. नियमातल्या एका तारखेने जेवढा फरक पडला, तेवढा बंद पडलेल्या दहा राइडनीही पडला नसता.

एडिसनकाका
५ डिसेंबर, सकाळी ९:३०

हिशेबनीसांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. माझं क्लबमधलं नाही.

२००३ साली ऑरलँडोजवळ किसिमीला, १९२ नंबरच्या रस्त्यापासून जवळ, एका कंपनीचा टाइमशेअर, म्हणजे दर वर्षी एक आठवडा राहायचा हक्क, घेतला. नाव लिहीत नाही. पार्कची दोन तिकिटं फुकट देतो म्हणाले, त्यासाठी दीड तासाचं प्रेझेंटेशन ऐकायचं होतं. चार तास बसवलं. पोरं कंटाळली, बायकोने डोळे वटारले, आणि १४ हजार डॉलरवर सही करून बाहेर आलो. त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं, "पार्क आहे तोवर या जागेची किंमत वाढतच जाणार."

२००४ मध्ये मध्य फ्लोरिडावर चार्ली, फ्रान्सिस आणि जीन अशी तीन वादळं एकाच मोसमात आली. त्या वर्षी मेंटेनन्सखेरीज वेगळी वर्गणी भरावी लागली. पुढे मेंटेनन्स दर वर्षी वाढत गेलं. या काळात पार्कांचं काय चाललं होतं? २०१० मध्ये डिस्नेच्या स्पर्धक युनिव्हर्सलने हॅरी पॉटरचं गाव उघडलं, सगळं जग तिकडे लोटलं. २०१२ ला मॅजिक किंगडममध्ये नवं फँटसीलँड झालं. ऑरलँडो जोरात होतं. आणि २०१६ ला मी माझा आठवडा विकायला काढला, तर एक डॉलरलाही घेणारा भेटेना. शेवटी कंपनीलाच परत दिला, वर कागदपत्रांचा खर्च माझ्याच माथी.

म्हणजे बघा, पार्क ऐन बहरात असताना माझ्या मालकीची किंमत शून्य झाली. पार्क तेच आणि गावही तेच. फरक एवढाच की माझ्या आठवड्याला बाहेर पडायची वाट नव्हती आणि तसलेच हजारो आठवडे विकायला पडलेले होते. तुमच्या क्लबमध्ये कंपनीला पहिल्या खरेदीचा हक्क असतो, फार स्वस्तात कुणी विकलं तर ती स्वतःच उचलू शकते. भावाला त्याचाही टेकू मिळतो. तो हक्क वापरायचं त्यांनी सोडलं तर काय, हे विचारून ठेवा.

ताई, तुमचे यजमान म्हणतात ते चूक नाही. घेणारा आहे तोवर विकता येतं.

कृष्णाकाठ
५ डिसेंबर, दुपारी १:०५

काका, तुमचं वाचून नवऱ्याला लगेच दाखवलं. तो खूश.

रानमोगरा, यती नाही खुपला. तुझं खरं आहे. त्या राइडमध्ये मी डोळे मिटून नवऱ्याचा हात धरून बसले होते, यती हलतोय की नाही हे बघितलंच नाही. पण मला खुपतं ते राइडचं नाही गं. आधी दिवस मोकळा असायचा. आता सारखा फोन हातात, कोणती वेळ मिळते, कितीला मिळते. तिघांचे रोजचे जास्तीचे पैसे मनात मोजत फिरायचं. सुट्टीचं स्वरूप बदललं आहे, आणि ते कुठल्या राइडने भरून निघणारं नाही.

हिशेबनीस, "ते मला हवं आहे का" हा तुमचा प्रश्न मी सकाळपासून डोक्यात घेऊन फिरते आहे. पॉइंटमागे ड्यूज पाच डॉलरच्या आसपास असताना तो कधी पडलाच नव्हता.

घाटमाथा
५ डिसेंबर, रात्री १०:४८ (भारतातून)

वाचतोय. इकडच्या परिस्थितीशी थोडं जुळतं म्हणून लिहितो.

माझ्या मेहुण्याने पुण्यात एका मॉलमध्ये चिठ्ठी भरली, "बक्षीस लागलंय" म्हणून फोन आला आणि तो २५ वर्षांचं हॉलिडे सभासदत्व घेऊन घरी आला. कोणत्या कंपनीचं ते असू दे. वार्षिक देखभाल दर वर्षी वाढते. मे महिन्यात आणि दिवाळीत खोली मिळत नाही, आणि बहिणीची शाळेतली नोकरी असल्याने त्यांना नेमकी तेव्हाच हवी असते. सहा वर्षांत दोनदा गेले. इथे पार्क वगैरे काही नाही, डोंगर आहेत, समुद्र आहे, ते काही बिघडले नाहीत. तरी त्यांच्यासाठी त्या सभासदत्वाची किंमत घसरली, कारण हवी तेव्हा खोली नाही.

लहानपणी आम्ही सांगलीहून मुंबईला मामाकडे गेलो की गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायचो, लाँचमधून. १९८९ ला सुरू झालेलं, २०२२ ला बंद झालं. वाईट वाटलं, पण कुणाचे पुढच्या तीस वर्षांचे हप्ते त्यात अडकले नव्हते. आठवण घेऊन बाजूला होता आलं. तुमच्याकडे पार्क बदलतं आणि बिल चालू राहतं, हे मला जास्त अवघड वाटतं.

कृष्णाकाठ, तुम्ही पण सांगलीच्या का? आयर्विन पुलाच्या कोणत्या बाजूला?

तळ्यात_मळ्यात
६ डिसेंबर, सकाळी ८:१५

फार उपयोगी धागा. आम्ही नेमके घेण्याच्या विचारात आहोत, डॅलसला असतो, जुळी मुलं चार वर्षांची. रिव्हिएरा रीसेलमध्ये स्वस्त दिसतंय. हिशेबनीस, ते स्वस्त आहे ते तुम्ही सांगितलेल्या नियमामुळेच का? आणि पार्क असंच महागत गेलं तर चार वर्षांच्या मुलांसाठी २०७० पर्यंतचा करार घेणं शहाणपणाचं आहे का?

हिशेबनीस
६ डिसेंबर, सकाळी ९:०२

हो, मुख्यतः त्यामुळेच. रिव्हिएरा आवडत असेल, तारेवरून जाणारा तो स्कायलायनर थेट एपकॉटला जातो आणि मध्ये एकदा बदलून हॉलिवूड स्टुडिओज पार्कलाही जाता येतं हे सोयीचं वाटत असेल, आणि आयुष्यभर त्याच एका इमारतीत उतरायची तयारी असेल, तर घ्या. विकायला जाल तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकालाही तीच अट लागेल, हे धरून चाला.

२०७० चं म्हणाल, तर शेवटच्या वर्षाकडे बघू नका. पुढची दहा वर्षं बघा. मुलं चौदा होतील तोवर किती वेळा जाल? दर दोन वर्षांनी जाणार असाल तर पॉइंट भाड्याने घेऊन जा. मालक लोक वापरता न येणारे पॉइंट भाड्याने देतात, पॉइंटमागे वीस डॉलरच्या आसपास. ड्यूज नाहीत, करार नाही. दोनतीनदा तसं जाऊन बघा आणि पार्कचा खर्च वेगळा लिहून ठेवा. आमच्या घरी खोलीपेक्षा पार्कचा खर्च कधीच पुढे गेला आहे. ड्यूज वाढले तर मी चिडतो, पण वर्षाचा खरा खड्डा तिकिटं, लाइटनिंग लेन आणि जेवणाने पडतो.

एक गोष्ट मात्र क्लबच्या बाजूने सांगायलाच हवी. एखाद्या रिसॉर्टचे वर्षाचे एकूण पॉइंट ठरलेले असतात, ते वाढवता येत नाहीत. एका मोसमातले कमी करून दुसऱ्यात घालता येतात, एवढंच. तिकिटाला असं कुंपण नाही. खोलीची महागाई आपण बरीचशी थोपवली, पार्कची महागाई अंगावर घेतली.

मावळतीचा_वारा
६ डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

उशिरा आलो. मी टँपाला असतो, निवृत्त. बीच क्लब, २००५ मध्ये थेट कंपनीकडून. हिशेबनीसांनी ज्याचं उदाहरण दिलं त्यातलाच मी एक, २०४२ वाला.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वेळ. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढच्या दहा वर्षांत पार्क आणि क्रूझ जहाजांच्या व्यवसायात ६० अब्ज डॉलर घालणार. त्याची कामं आता दिसू लागली आहेत. ॲनिमल किंगडममधलं डायनोलँड पाडून तिथे उष्णकटिबंधीय अमेरिकेच्या धर्तीवरचा भाग होतोय, तो २०२७ ला उघडणार म्हणतात. नदीच्या जागी कार्स, त्यामागे खलनायकांचं गाव. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मपेट्सचं त्रिमिती नाट्यगृह यंदा जूनमध्ये बंद झालं. हे सगळं चांगलंही होईल. पण माझ्या करारात आता सोळा वर्षं उरली आहेत. त्यातली पाच वर्षं पत्रे ठोकलेली बघण्यात गेली, तर माझ्या हिश्श्याचा जवळजवळ तिसरा भाग गेला. ज्याचा करार २०७० चा आहे त्याला ही पाच वर्षं जाणवणारही नाहीत. तेच पार्क, तेच बांधकाम, पण त्याची झळ प्रत्येकाला त्याच्या उरलेल्या वर्षांच्या मानाने.

आणखी एक. आपण दर वर्षी येणारच हे कंपनीला माहीत आहे. खोलीचे पैसे आधीच भरलेले, न जाऊन सांगणार कुणाला? अशा पाहुण्यासाठी पार्क झकास ठेवायची घाई कमी आणि त्याच्याकडून आत आल्यावर जास्त कसं निघेल ही घाई जास्त, असं मला पूर्वी वाटायचं आणि मी त्यावर चिडलेलाही असायचो. आता इतकं वाटत नाही. कारण २०४२ ला ओल्ड की वेस्टमधले न वाढवलेले करार, बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज, व्हेरो, हिल्टन हेड या रिसॉर्टांचे करार, सगळे एकाच दिवशी संपणार. त्या इमारती त्यांना पुन्हा कुणालातरी विकायच्या आहेत. कुणाला? आमच्या मुलांनाच. माझा मुलगा आज पस्तीसचा आहे. लहानपणीचं पार्क त्याला आठवतं आणि आजचंही तो त्याच्या मुलीसोबत बघतोय. तो काय बघतोय यावर त्यांचा पुढचा सगळा धंदा आहे.

मी स्वतः राइडना बसून दहा वर्षं झाली. गुडघे. वसंतात एपकॉटला फुलांचा महोत्सव असतो तेव्हा आम्ही दोघं जातो, संध्याकाळी त्या तळ्याभोवती एक फेरी मारतो, जपानच्या दालनापाशी बसतो, खोलीवर येऊन वरणभात करतो. मला स्टुडिओ कधीच पुरला नाही, एका बेडरूमच्या खोलीत पूर्ण स्वयंपाकघर असतं म्हणून तीच घेतो. पॉइंट जास्त जातात, रात्री कमी मिळतात. आमच्या मंडळींना तेच हवं असतं.

कृष्णाकाठताई, तुमची लेक आता सतरा की अठरा? ती कॉलेजला गेल्यावर तुम्ही दोघं तिथे काय कराल, याचा विचार विकण्याआधी करून बघा. जुन्या पार्कची आठवण काढत फिरणार असाल तर विका, मनापासून सांगतो. दुसरं काही सुचत असेल तर थांबा.

रानमोगरा
६ डिसेंबर, संध्याकाळी ६:०१

वारा, तुमचा प्रतिसाद जपून ठेवते आहे. "प्रत्येकाला त्याच्या उरलेल्या वर्षांच्या मानाने" हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आमचं २०६६ आहे, पॉलिनेशियन. म्हणूनच मी इतकी निर्धास्त लिहीत होते बहुधा.

एडिसनकाका
६ डिसेंबर, रात्री ८:४४

एक भर. मे महिन्यात युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स उघडलं आहे. स्पर्धा आली की नुसता रंगसुद्धा वेळेवर लागतो. आमच्या १९२ च्या रस्त्यावरच्या मालकांना त्याचा काही उपयोग नाही, तुम्हाला होईल.

कृष्णाकाठ
८ डिसेंबर, रात्री ९:३०

दोन दिवस लिहिलं नाही कारण घरी बसून बोललो, तिघं. शेवटी लेकीलाही बोलावलं, कारण "कुणासाठी" हा प्रश्न आमच्या दोघांच्या बोलण्यात सारखा तिच्याकडेच जात होता.

ती सतरा. पुढच्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. तिने सरळ सांगितलं, "आई, मला आता चार वर्षं तरी नको. पण विकू नका." का विचारलं तर म्हणाली, तिला साराटोगाच्या तळ्याकाठची ती पायवाट आठवते, आणि बाबा तिथून डिस्ने स्प्रिंग्जला बोटीने कॉफी आणायला जायचा ते. मी पार्क धरून बसले होते आणि तिला पार्कबाहेरचंच आठवत होतं. मला हे ऐकून बरं वाटलं आणि थोडं दुखलंही, कारण नदीवरचा तिचा प्रश्न तिला आठवत नाही.

तर आम्ही असं ठरवलं आहे. विकत नाही, निदान दोन वर्षं. या वर्षीचे १५० पॉइंट पुढे टाकते, पुढच्या जूनचे १५० मिळून ३०० होतील. आई-बाबा मे महिन्यात सांगलीहून येणार आहेत. बाबांना फार चालवत नाही, पार्क त्यांच्याने होणार नाही, म्हणून त्यांना फ्लोरिडाला न्यायचा विषयच आम्ही कधी काढला नव्हता. आता ॲनिमल किंगडम व्हिलाजच्या किदानीमध्ये, सव्हानाच्या, म्हणजे प्राण्यांच्या कुरणाच्या, बाजूची दोन बेडरूमची खोली घ्यायची. गॅलरीच्या खाली जिराफ आणि झेब्रे चरतात. बाबा शेतकी खात्यात होते, तासन्‌तास बघत बसतील. खाली सना नावाचं हॉटेल आहे, तिथे नान आणि चटण्या मिळतात, तेव्हा आईची पहिली रात्र तरी सुरळीत जाईल. बाकी दिवस स्वयंपाकघर आहेच. पार्कचं एकही तिकीट काढणार नाही. पाच रात्री, सप्टेंबरात. पॉइंट कमी लागतात आणि लेक नाहीच, त्यामुळे शाळेची अडचण नाही.

हिशेबनीस, तुमच्या पद्धतीने ड्यूज आणि खरेदीचे २५५ धरून वहीत सगळं मांडलं. तिकिटं नसली की आकडा इतका सुटसुटीत दिसतो की नवराही गप्प झाला. त्याने एकच अट घातली आहे. परत आल्यावर याच वहीत लिहायचं, पार्कशिवाय ते पैसे वसूल वाटले की नाही. नाही वाटले तर २०२७ मध्ये विकायचं, आणि मी मध्ये पडायचं नाही. मी कबूल केलं आहे.

घाटमाथा, आम्ही पुलाच्या गावाकडच्या बाजूला, गणपतीच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. आई अजून पूर आला की पुलावर पाणी बघायला जाते.

मावळतीचा_वारा
८ डिसेंबर, रात्री ९:५२

उत्तम ठरवलंत. सप्टेंबर वादळांचा मोसम आहे, विमानाची तिकिटं बदलता येतील अशीच काढा. आणि किदानी तुमचं होम रिसॉर्ट नाही, म्हणजे ७ महिने आधीच मिळणार. सव्हानाच्या मोठ्या खोल्या पटकन जातात, त्या दिवशी उशीर करू नका. तारीख काय धरली आहे?

कृष्णाकाठ
८ डिसेंबर, रात्री १०:०३

८ सप्टेंबर ते १३. पुढच्या वर्षी १४ ला गणपती आहेत, त्याच्या आदल्या रात्री घरी पोचायचं. म्हणजे खोली ८ फेब्रुवारीला सकाळी आठला उघडेल. रविवार आहे, मी घरीच असेन.